टॉवेल काढायचा नाही

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा काय म्हणतो? आईला डोळे दाखवायला नेलंत, की अजून चालढकलच चालू आहे?

माझं काम नक्की काय, असं तुम्ही विचारलं होतंत. घर सुटलेल्या पोरींना कामाचं आमिष दाखवून नासवणारे इथे खूप आहेत. म्हणून गल्लीने मिळून एक खोली उघडली आहे. जागा औषधांच्या दुकानवाल्या काकांची, दुपारी पार्लरवाली बसते, बाकी वेळ मी. पोरी येतात, आंघोळ करतात, जेवतात. प्रत्येकीची खुंटी आणि टॉवेल ठरलेला. पोरगी आली नाही तरी टॉवेल काढायचा नाही, हा आमचा नियम.

सोळा वर्षांची एक आहे, फार बडबडते म्हणून तिला आम्ही रेडिओ म्हणतो. ती अकरा दिवस आलेली नाही. काकांनी तिला कुणाच्या तरी गाडीत बसताना पाहिलं, पण हाक मारेपर्यंत गाडी गेली. पोलिसांत कळवलंय, आम्हीही शोधतोय. तिचा टॉवेल काल धुऊन परत लावला.

नाहीशी होण्याच्या आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "ताई, तुमच्या घरची मुलगी अशी परत आली, तर आत घेतील?"

मी हो म्हणाले आणि तिच्या मागे बसून केस विंचरत राहिले, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.

बाबा, आपली धाकटी त्या संध्याकाळी दारात उभी होती. तुम्ही कडी काढली नाहीत आणि मीही उठले नाही. न्हाणीघरातली तिची खुंटी अजून आहे ना? तिथे टॉवेल लावा. आईवर सोपवू नका, तुम्ही स्वतः लावा.

तुमची थोरली