यार्देनचं मावंदं

माय,

परवा मामा गेला. तुझा भाऊ. तापीकाठीच त्याला अग्नी दिला आणि मी, त्याचा ख्रिस्ती भाचा, जरा लांब उभा राहिलो. कुणी हाकललं नाही, कुणी पुढेही बोलावलं नाही. धुळ्याला परतताना वाटलं, तुझ्या माहेरचं आता कुणी उरलं नाही. तुझ्या माघारी काय झालं ते तुला एकदा सांगून टाकावं.

मला पहिली आठवते ती बोर्डिंगची चूल. मिशनच्या पोरांसाठी तू भाकरी थापते आहेस, बा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि आज भाऊबीज आहे. मामा येणार. पण कंपाउंडच्या आत नाही, फाटकाबाहेरच्या निंबाखाली. तू आणि बा तापीत बाप्तिस्मा घेऊन वर आलात त्या दिवसापासून त्याने आपल्या घरचं पाणी सोडलं होतं. बहीण मात्र सोडली नव्हती. शिरपूरकडून गाडी जुंपून यायचा, वरूनच तुझ्या पदरात लुगडं टाकायचा आणि घरून आणलेल्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं पाणी पिऊन निघायचा. तू वाढलेलं ताट घेऊन उभीच. ताट तसंच चुलीपाशी परत. एकदा मी फाटकातून ओरडलो, "मामा, आमच्या पाण्यात काय किडे पडलेत?" तर तू सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीस. "भाऊ शे तो मना! ई ऱ्हायना ना? तो बी बंद व्हयना मंग काय करशी?" फाटकापर्यंत येतोय तेही बंद झालं तर, हीच तुझी धास्ती. मग आत आणून तेच ताट मला भरवलंस आणि स्वतः उपाशी निजलीस. मला तुझाच राग आला होता, माय. इतकं काय मेलं भावाचं!

मग लढाई लागली आणि समुद्रापलीकडे जाणाऱ्या फौजेच्या दवाखान्यात मी नाव दिलं. तू रडून आकांत करशील असं वाटलं होतं. तू भाकरी उलथलीस आणि विचारलंस, "यार्देन तथीच शे का?" प्रभूच्या बाप्तिस्म्याची नदी ती, असेल तिकडेच कुठेतरी, मी म्हणालो. झालं! तुझ्या डोक्यात मावंदं शिरलं. काशी करून आलेला माणूस गंगेचं पाणी आणतो, घरातलं वडीलधारं त्याचे पाय धुतं, मग तीर्थ वाटून सगळ्यांना जेवण. मावंद्याचं बोलावणं वैरीसुद्धा मोडत नाही. तुझं गणित सरळ होतं. पोरगा यार्देनचं पाणी आणील, आपण मावंदं घालू आणि भावाला घरात यावंच लागेल. पाद्रीसाहेब हसले. म्हणाले, "बाई, आपल्यात असलं काही नाही. पाणी म्हणजे पाणी." तू भाकरीवरून नजरही न काढता म्हणालीस, "मंग माले तापीमा काबरं बुडाडं, साहेब? घरमा पानी नव्हतं का?"  मी फौजेत निघताना तू मला एक फिरकीचा तांब्या दिलास, थेट मामाच्या तांब्यासारखा. कुठून पैदा केलास देव जाणे.

लढाई थांबायच्या सुमाराला फौजेच्या पाद्र्याने आम्हा ख्रिस्ती लोकांना नदीवर नेलं. खरं सांगू? मी खट्टू झालो. एवढं नाव ऐकलेलं आणि समोर गढूळ पाण्याची, आपल्या पांझरेएवढी नदी! बाकीचे गुडघे टेकून गाणी म्हणत होते. मी आधी तांब्या विसळून भरला. मग पाण्यात उतरलो आणि प्रार्थनेचे शब्दच सुचेनात. तू तापीत पाय टाकताना म्हणायचीस तेच तोंडातून निघालं, "माय, सांभाय वं." शेजारचा मद्रासी शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. फिरकीवर मेण ओतून मी तो तांब्या छातीशी धरून जहाजावर चढलो.

धुळ्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. फाटकात बोर्डिंगची दुसरी स्वयंपाकीण भेटली, तुझ्या हाताखाली शिकलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला. मानमोडीच्या साथीत तू गेली होतीस. मी नदीवर उभा होतो तेव्हा तुला मातीत ठेवून झालं होतं. मी कबरीवर गेलो. ऊन होतं, खार पळत होती. मला काही वाटेना. नुसता दगड झालो होतो. तांब्या तिथेच ओतावा म्हणून मेण खरवडायला लागलो तर स्वयंपाकिणीने हात धरला. म्हणाली, "बाई साथीआधीच्या भाऊबीजेला भावाला सांगून बसल्यात, पोरगा आला की मावंदं आहे म्हणून." आणि मामा काय म्हणाला, मी विचारलं. "आपल्या तांब्यातलं पाणी पिऊन गेला."

मी शिरपूरकडे गेलो, मामाच्या ओट्याखाली उभं राहून बोलावणं केलं. तो सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "जाय तू. मी देखस." बस्स. परतीच्या वाटेवर मी त्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रविवारची उपासना झाल्यावर आम्ही बोर्डिंगच्या पडवीत वरण-बट्टी केली. मामाची गाडी फाटकाबाहेर थांबली. तो निंबाखाली घटकाभर उभा राहिला, मग पागोटं नीट करून आत आला. त्याच्या हातात तांब्या नव्हता, माय. मी तेच आधी बघितलं. वडीलधारा तोच, म्हणून त्यानेच माझे पाय धुतले. मी ओशाळून मागे घेत होतो तर घोटा पकडून ठेवला. यार्देनचं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला. मग पंगतीत बसला. शेजारचं पान रिकामं ठेवायला लावलं. मी वाढत होतो आणि मनात जळत होतो. आता जेवतोस होय रे? आता? पहिला घास घेऊन त्याने वाटीत पाहिलं. मग स्वयंपाकिणीला विचारलं, "वरन कोनी करं?" ती म्हणाली, मी केलं; बाईंनी शिकवलं तसं. त्याने वाटी माझ्यापुढे धरली. "आखो वाढ रे."

तू तिथे असतीस तर एकच विचारलं असतंस, भाऊ पोटभर जेवला का म्हणून. जेवला, माय. दोनदा मागून जेवला. त्यानंतर तो दर भाऊबीजेला आत यायचा, लुगडं त्या स्वयंपाकिणीला द्यायचा.

माझी पत्रं तुला नेहमी शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे. हे कुणाकडून वाचून घेशील? घडी करून त्याच तांब्यात ठेवतो. एकच राहिलं. तुझ्या कबरीवर मला रडू आलं नव्हतं, त्या दिवशी नाही, पुढे कधीही नाही. मामाने वरण परत मागितलं तेव्हा पातेलं तिथेच ठेवून मी चुलीमागे पळालो आणि तुझ्यासाठी रडलो ते तेव्हा.