पुलावरून वाजणारा हॉर्न

७ फेब्रुवारी

प्रविणदादा,

वर्षभर तुला लिहिलं नाही, माफ कर. हेही पाठवेन की वहीतच राहील, माहीत नाही.

खांब गावाच्या अलीकडे आपल्या फाट्यावर महामार्गाचा पूल झाला आणि पेणची बस वरून जाऊ लागली. आई अजूनही वालाच्या शेंगांचं टोपलं घेऊन खाली जुन्या थांब्यावर बसते. ड्रायव्हर ओळखीचा, सवयीने वरून हॉर्न देतो. ती हात वर करते. बस निघून जाते.

काल ती टोपल्यासकट पुलाचा चढ चढून भरधाव गाड्यांच्या कडेला उभी राहिली. मी तिला ओढत खाली आणलं, तर म्हणाली, "गाडी वर गेली गो, मग मी खाली बसून काय करू?"

सरपंच असताना तूच तिला सांगितलंस, "आये, पूल झाला तरी गाडी खालूनच जाणार हाय." त्याच ग्रामसभेत पुलाला संमती देणाऱ्या ठरावावर तिचा अंगठा घेतलास. आता पनवेलहून फोनवर म्हणतोस, "तिला घरात बसव." कुठल्या तोंडाने सांगतोस?

पण सगळा राग तुझ्यावर काढणं खोटेपणाचं होईल. पुलाचा नकाशा मी वाचला होता. त्यात खाली थांबा नव्हता. भर सभेत तुझा शब्द कसा खोडायचा, म्हणून मी गप्प बसले.

अंगठा देण्याआधी आईने माझ्याकडे पाहिलं होतं.

नम्रता

उद्या: बस खालून नेण्याचा अर्ज डेपोत देणे, पहिली सही माझी.