दादाचा मुखवटा

४ फेब्रुवारी
दादा गेला. सिनेमात छपरावरून पळायचा प्रसंग होता. दोरी सुटली — वीस फुटांवरून खाली. मी कपडेपटात मशीनवर बसले होते. मुखवटेवाल्या चोराच्या, म्हणजे त्याच्याच, झग्याची बाही शिवत होते. आवाज आला तेव्हा वाटलं, पोतं पडलं.

५ फेब्रुवारी
लिहवत नाही.

९ फेब्रुवारी
आई जानेवारीपासून इस्पितळातच. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, इतक्यात काही सांगू नका. मी सांगितलं, दादा शूटिंगला लांब गेलाय. गरम कपडे नेलेत का, विचारलं तिनं. नेलेत म्हटलं. मग बाहेर जिन्यात जाऊन बसले.

१४ फेब्रुवारी
दिग्दर्शक घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले. सिनेमाच्या शेवटी चोराचा मुखवटा उतरायचा होता — नेमकं तेच राहिलं. म्हणजे अख्ख्या सिनेमात दादा आहे आणि त्याचा चेहरा एकदाही नाही. आता शेवट बदललाय. चोर सापडतच नाही, जिना उतरून गर्दीत मिसळतो. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी उंची त्याच्याएवढीच आहे."
मी उठून दार उघडलं. माणूस जाऊन दहा दिवस झालेत!

१७ फेब्रुवारी
शेवटी हो म्हटलं. परक्या कुणी तो मुखवटा चढवावा, हे मनाला पटेना. आत त्याच्या केसांच्या तेलाचा वास. जिना त्याच्यासारखीच उतरले — खांदे पाडून, कसली घाई नसल्यासारखी. एका दमात झालं. कॅमेरावाला फिरवायचं हँडल सोडून पाठमोरा उभा राहिला, तो वळेचना.

२० मार्च
आई घरी आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं — दादाचा सिनेमा लागलाय ना? आज सांगू, उद्या सांगू… जीभ रेटत नाही.

२३ मार्च
दुपारच्या खेळाला नेलं. चोर दिसला की लोक शिव्या घालायचे, पुढच्या रांगेतली पोरं आयांना बिलगायची. आई खुशीत. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि हा स्वतः अंधाराला घाबरायचा." मी हसले. हसता आलं, याचीच लाज वाटली.
पुढचं आज नको.

२४ मार्च
काल शेवटी जिन्याचा प्रसंग आला. आईनं पडद्यावरची नजर न काढता माझं मनगट धरलं.
"ही तू आहेस," म्हणाली. "तो कधी गेला?"