दिव्यानीच्या फॉर्ममधल्या एकतीस चुका

३ मार्च, सोमवार. दुपारी ४
आज भर मीटिंगमध्ये माझा अपमान झाला. तारीख लिहून ठेवतो, पुढं कामी येईल. मोहफुलं खरेदीच्या तेवीस केंद्रांवरून आमच्या ब्रह्मपुरीच्या ऑफिसात जो ऑनलाइन फॉर्म येते, तो मी बनवला. २०१३ साली, नागपूरले तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन. सर्टिफिकेट आहे. आणि सहा महिन्यांआधी लागलेली ती जिवतीची दिव्यानी उभी राहून सांगते, का जुनं टूल कंपनीनंच बंद करायले घेतलं, नव्या टूलमध्ये फॉर्म मोबाईलवर बनते. साहेबानं मान डोलावली. तिले सोडणार नाई.

साहेबाचा निर्णय: तीन आठवडे दोन्ही फॉर्म चालवा, केंद्रवाले निवडतील तो राहील. जुना गेला तर माझं इथलं टेबल गेलं. सिरोंच्याले जागा रिकामी आहे म्हणे. मी हसलो.

४ मार्च
घरी बायकोले, पुनमले सांगतलं. तिनं एवढंच विचारलं का सिरोंचा किती दूर. मी म्हणलं, जायचंच नाई तर काऊन विचारतेस? ती म्हणे, मी तर येणार नाई, पोरीची शाळा इथी आहे. जेवताना वरण वाढायचं विसरली. याचाही बदला दिव्यानीवरच निघेल.

७ मार्च
संकल्प. दिव्यानीशी एक शब्द बोलायचा नाई. तिच्या फॉर्ममधली एकेक चूक शोधायची आणि लेखी द्यायची. सकाळी फिरायले जायचं (हा वेगळा).

माझ्या फॉर्ममध्ये चौसष्ट रकाने आहेत म्हणून लोक नावं ठेवतात. शिस्त म्हणतात त्याले. फॅक्स नंबर सक्तीचा आहे, असायलेच पायजे. सुकरीबाईच्या केंद्रात फॅक्स नाई, तर ती दहा शून्य टाकते, बिचारी मुकाट्यानं. बारा वर्षांत एक तक्रार नाई आली. तक्रारीचा रकाना नाई म्हणा त्यात.

१७ मार्च
दोन्ही फॉर्म सुरू. जंगलातल्या केंद्राच्या लटारूभाऊले फोन करून सांगतलं, तिच्या फॉर्ममध्ये किलो टाकू नका, पायली टाका. गावात सारे पायलीनंच मोजतात, खोटं काही नाई त्यात. भाऊ म्हणे, बरं बाबू. अर्ध्या तासात फॉर्म ठप्प. ईमेल टाकला, साहेबाले कॉपी. विषय: गंभीर त्रुटी क्र. १. चहा गोड लागला.

१८ मार्च
अकरा वाजेपर्यंत तिनं पायलीचा पर्याय टाकला. पायली टाकली का किलो आपोआप येते. लटारूभाऊचा फोन आला, म्हणे तुमच्या कृपेनं झालं बाबू, इतकी वर्षं मी बोटावर मोजून राह्यलो होतो. वर ती मले थँक्यू म्हणाली. निर्लज्ज आहे.

२२ मार्च
सुकरीबाईले सांगतलं, जिथी रेंज नाई तिथून फॉर्म भरून पाहा. बाई म्हणे, माझं केंद्रच तिथी आहे जी, दुसरीकडून कुठून भरू? फॉर्म अडकला. त्रुटी क्र. ९, लाल अक्षरात.

२४ मार्च
आता तो फॉर्म रेंजशिवाय भरता येते, रेंज आली का निघून जाते. माझा फॉर्म भरायले सुकरीबाई दर शनिवारी जीपनं ब्रह्मपुरीले यायची, कारण तिच्या मोबाईलवर तो उघडत नाई, माझ्या कॉम्प्युटरवर उघडते. येत्या शनिवारी येणार नाई म्हणे. माणसामाणसातला संबंध तोडला त्या पोरीनं.

२८ मार्च
फिरायले गेलो नाई. त्रुटी क्र. २३. पुनम म्हणे, तिच्यापेक्षा तुम्हीच तिचा फॉर्म जास्त उघडता. बायकांना शत्रूचा अभ्यास समजत नाई.

२ एप्रिल
शेवटचा घाव. त्रुटी क्र. ३१: आणखी एका केंद्रावरच्या बुधरीबाईले मराठी वाचता येत नाई, ती गोंडी बोलते, तिचं काय? आता दे उत्तर.

४ एप्रिल
दिव्यानी बुधरीबाईकडं जाऊन तिच्याच आवाजात सारे प्रश्न गोंडीत रेकॉर्ड करून आली. फॉर्म आता बोलते. माझ्या फॉर्मकडं पाहिलं. चौसष्ट रकाने, गप्प.

७ एप्रिल, सोमवार
निकाल. जुन्या फॉर्मले एक मत. चौकशी केली, तर ते इतवारीबाईचं निघालं. बाई म्हणे, बोट चुकलं जी.

मंग दिव्यानी उठली आणि साऱ्यांपुढं म्हणाली, या एकतीस चुका प्रफुलभाऊंनी शोधल्या, त्यांच्याशिवाय हा फॉर्म झालाच नसता. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

८ एप्रिल
ऑर्डर आली. नवा फॉर्म सर्वांत सखोल जाणणारे कर्मचारी म्हणून सिरोंचा केंद्रावर नेमणूक, दोन वर्षं. पुनमनं शर्ट घड्या करून बॅगेत भरले.

१६ एप्रिल, सिरोंचा
दिवसभर बसमध्ये. आजूबाजूले सारे तेलुगूत बोलतात, मी मान हलवतो. आता कर्मचाऱ्यांची कामंही नव्या फॉर्ममध्येच घातली, रुजू झाल्याचा रिपोर्टही त्यातूनच टाकावा लागते. इथी एखादी चूक सापडेलच म्हणून दोनदा तपासला. दीड मिनिटात गेला.

संध्याकाळी पुनमले फोन केला. खरं सांगतलं, का इथी करमत नाई, पोरीची आठवण येते. ती म्हणे, मंग बदलीचा अर्ज टाका. फॉर्म उघडून पाहिलं. रजा आहे, प्रवासभत्ता आहे, बदली कुठीच नाई.

दिव्यानीले ईमेल लिहिला. विषयात त्रुटी लिहिलं होतं, ते खोडून विनंती लिहिलं. साहेबाले कॉपी टाकली नाई.