लोखंडी गेली, ॲल्युमिनियमची आली

सोम., १० नोव्हें.
काल बोरगावला बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी परत पांढुर्ण्याला आले तर अंगणात माझी सायकल नाही! तिच्या जागी नवी, ॲल्युमिनियमची. यांनी जुनी दुकानात देऊन बदल्यात आणली. मला न विचारता. बावीस वर्षं मी त्याच लोखंडी सायकलवर शाळेत गेले, तिगावच्या वाटेनं. रिटायर झाल्यापासून हे घरातल्या एकेका वस्तूच्या मागे लागलेत. मिक्सर झाला, पंखा झाला, आता माझी सायकल.
आल्यागेल्याला एका हातानं उचलून दाखवणं चालू आहे. "पाहा, फूल हाय फूल!" सायकल चालवायची असते की उचलायची?

मंगळ., ११ नोव्हें.
साडी नेसून हिच्यावर चढून दाखवावं कुणीतरी. मधला दांडा आडवा, उंच. जुनीचा खाली वाकलेला होता. वह्यांच्या पिशवीला कॅरिअर नाही. पायी गेले. उशीर. हेडमास्तरांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरु., १३ नोव्हें.
सलवार-कमीज घातला, पिशवी पाठीला, आणि नेली. खोटं कशाला लिहू, हलकी आहे. रेल्वेच्या पुलाचा चढ कळलाच नाही. त्याचाच जास्त राग आला.
पण खड्डे! जुनी सायकल अर्धा दणका स्वतः सोसायची, ही पूर्ण मनगटात आणून देते. फळ्यावर अक्षरं वाकडी आली. घरी सांगितलं तर म्हणे, "होते सवय." झालेली सवय मोडली कुणी?

शुक्र., १४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर दुकानात गेले. म्हटलं, जुनी परत द्या.
"जुनी तं दुसऱ्याच दिवशी गेली, मॅडम. कापूस वेचणाऱ्या एक बाई घेऊन गेल्या. लोखंडाचीच पायजे म्हणे, तुटली तं गावातच वेल्डिंग करून भेटते."
बरोबर आहे त्या बाईचं. त्यांना कळतं. मग दुकानदार हसून म्हणतो, "सायकल बदलताना सर सांगत होते, मॅडमले आता झेपत नाही, पुलावर उतरून ढकलून राहिल्या."
झेपत नाही! दुकानात, चार लोकांसमोर!
पुलावर मी पहिल्या वर्षापासून उतरते. खालून गाडी जाते ती बघते. तेवढी पाच मिनिटं मी कुणाची टीचर नसते, कुणाची बायको नसते. यांना हे कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं कारणच नव्हतं. आणि त्यावरून माझं म्हातारपण ठरवलं.
दोन दिवस बोलायचं नाही.

रवि., १६ नोव्हें.
मेथी निवडताना विचारलंच. "पुलावर पाहिलं होतं मले?"
"हो. बसमध्ये होतो मी. तू हँडल धरून उभी, दम लागल्यावानी. भेव लागलं मले."
तोंड उतरलेलं. एकदा वाटलं, जाऊ द्यावं. नाही जाऊ दिलं.
"मंग मले काहून नाही विचारलं?"
"विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."
"म्हणूनच विचारा लागते!"
हे मेथीच्या काड्या पानांत टाकून राहिले होते, तेही कळलं नाही त्यांना. मग हळूच, "उद्या स्कूटरवर सोडून देऊ का तुले?"
विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.