चार मीटर तीस

६ मे, सोमवार

वही आणली. मापं लिहायला. दोन इयत्ता शिकलेय, आकडे नीट येतात. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण वाचणार कोण? मीच.

म्हातारा दवाखान्यात जाऊन आज एकोणीस दिवस. एलेओदोरो त्याचं नाव, पण चाळीस वर्षांत त्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. फुप्फुसं गेली. आमच्या कोयाइके गावात मेपासून हिवाळाभर घराघरातून ओल्या लाकडाचा धूर, आणि आमच्या घरात तर त्याने स्वतः बांधलेली दगडी शेकोटी, हत्ती भाजता येईल एवढी.

डॉक्टरीण म्हणाली, लाकडाच्या धुराच्या घरात ह्यांना पाठवणार नाही. म्हणजे बिनधुराच्या घरात पाठवणार. एवढं गणित मलाही येतं. नोल्फा, माझी लेक, म्हणते, आई, डॉक्टरीण दोन गोष्टी बोलली, तू एकच ऐकलीस. दुसरी गोष्ट मी इथे लिहीत नाही. वही मापांची आहे.

ठरलं: शेकोटीच्या पोटात पेलेटचा स्टोव्ह बसवायचा. पेलेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या, दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. चोवीस जूनला सान हुआनचा सण, तोवर म्हातारा घरी, आपल्या खुर्चीत. त्याला आत्ता सांगायचं नाही. विजेवर चालणारी आग त्याच्या शेकोटीत म्हटलं तर तिथेच दम लागेल.

९ मे, गुरुवार

स्टोव्ह बसवणारा बहामोंदे येऊन गेला. दगडांवर टकटक केली, वाकला, गुडघा धरून उठला. म्हणाला, मशीन आत मावतं, दोन्ही बाजूंना चार बोटं राहतात. मागच्या भिंतीला भोक पाडू, धूर सरळ बाहेर. अर्ध्या दिवसाचं काम.

नको म्हटलं. ऑगस्टात वारा सुटला की तारा तुटतात, वीज जाते, आतला पंखा थांबतो. पोटातली आग काय पंख्याची वाट बघते? तिचा धूर खोलीत येणार, म्हाताऱ्याच्या छातीवर. पाइप जुन्या धुराड्यातून उभा वर न्यायचा, पार टोकापर्यंत. धूर आपल्या पायांनी वर जातो, त्याला वीज लागत नाही.

बहामोंदे बघतच राहिला. म्हणाला, मावशी, हे कोणी शिकवलं? म्हटलं, धुराने.

यादी. पाइप चार इंची, स्टीलचा, वाकणारा. खाली टी-जोड, राख काढायला त्याला झाकण. धुराड्याचं जुनं तोंड पत्र्याने बंद. वर टोपी, पाऊस आणि वारा अडवायला. बाहेरची हवा आत घ्यायला वेगळी बारकी नळी. पाइप अखंड हवा, मधे जोड चालत नाही. तो बोटीने येतो, म्हणून लांबी आधी कळवायची. म्हणाला, मी येऊन मोजतो. म्हटलं, तुझा गुडघा सांभाळ, मोजायला मी आहे.

आच किती ठेवायची ते पण विचारून घेतलं. बटणावर एक ते पाच आकडे. एकट्या माणसाला एक पुरतो म्हणाला, आजारी माणूस असेल तर चार. चार. खाली दोन रेघा मारल्या.

१२ मे, रविवार

मोजलं.

शेजारचा रुदेसिंदो छपरावर चढला. दोरीला मासेमारीच्या जाळ्याचा दगड बांधून धुराड्यात सोडला. मी खाली शेकोटीत डोकं घालून बसले. टक्. अंगावर काजळी पडली. ओरडले, पोचला! दगड डोळ्यांना दिसला नाही, पण काजळी काय आकाशातून पडते? पोचला म्हणजे पोचला. दोरीला गाठ मारली, खाली आणून मोजली. चार मीटर तीस.

रुदेसिंदो म्हणाला, वहिनी, रस्त्यावरून धुराडं सहाच्या खाली वाटत नाही. म्हटलं, रस्ता उतारावर आहे, तुझी नजर पण. भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या खाऊन गेला. नऊ खाल्ल्या.

साडेचार सांगावं. वीस सेंटीमीटर जास्तीचे. मी काही उधळी बाई नाही.

१४ मे, मंगळवार

दवाखाना. म्हातारा विचारतो, शेकोटीत काय जाळतेस? म्हटलं, नेहमीचंच. खरं तर शेकोटी दहा दिवस थंड आहे, साफ करून ठेवलीय. तीन स्वेटर घालून झोपते. त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, मग हे असे का? म्हटलं, बाहेर गार आहे.

नाकात नळी आहे. बारीक झालाय. पण बारीक तो लग्नातही होता.

नोल्फाने जिन्यात गाठलं. आई, ते झोपेत लहानपणीच्या बेटाचं बोलतात, त्यांच्या आईला हाका मारतात. म्हटलं, म्हातारी माणसं बोलतात. ती रडायला लागली. रडूबाई बापावर गेलीय.

निश्चय: पुढच्या वेळी तासभर बसायचं आणि पाइपाचा विचार करायचा नाही.

२२ मे, बुधवार

पाइप आला. बहामोंदे आला. वरून पाइप सोडला, सरसर गेला, बघता बघता वरचं टोक धुराड्याच्या काठाला लागलं. खाली शेकोटीत काही नाही. हात घातला, खांद्यापर्यंत घातला. काही नाही.

बहामोंदेने बॅटरी लावून वर बघितलं. म्हणाला, मावशी, आत कट्टा आहे. धुराडं वळलंय. तुमचा दगड त्या कट्ट्यावर बसला होता. खाली अजून दोन मीटर तरी आहेत. मग म्हणाला, बाहेरून दिसतं की सहाचं आहे, दोन मीटर तुम्ही टाकले कुठे?

रुदेसिंदो आपल्या बुटांकडे बघत होता. बघणारच.

धुराडं वाकडं बांधतं का कुणी? म्हाताऱ्याने बांधलं, नोल्फा झाली त्या वर्षी, नदीचे दगड बैलगाडीने आणून. बेटावरचा माणूस. आमच्याकडे गुरांमागे धावणारी माणसं, सरळ उभं राहतं ते धुराडं एवढंच आम्हाला ठाऊक.

किती वळणं, कुठे, हे एकालाच माहीत. पाइप पुन्हा मागवायचा तर आकडा हवा.

चूक माझी नाही. दगड हलका होता.

२५ मे, शनिवार

दवाखाना. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, धुराडं साफ करायचंय, आत वळतं का रे कुठे?

हसला. हसताना दम लागला, नर्स आली, मला बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं. मग बोटाने चादरीवर काढून दाखवलं. वरून चार मीटरवर डावीकडे, कोपराएवढं. मग उजवीकडे, मग खाली सरळ. एकूण सहा मीटर चाळीस. एवढा आजारी, पण आकडा तोंडपाठ.

म्हटलं, वाकडं कशाला केलंस? म्हणाला, चेटकीण उडत येते ती सरळ उतरते, तिला वळता येत नाही. घरात तान्ही पोर होती. तुला तेव्हाच सांगितलं होतं, तू हसलीस.

हसले असेन. बेटावरच्या लोकांच्या चेटकिणी. आमच्याकडे गाय गाभडली तरी कुणी चेटकिणीवर ढकलत नाही.

मग डोळे मिटून म्हणाला, काय बसवतेयस आत? म्हटलं, काही नाही. म्हणाला, तुझ्या अंगाला पत्र्याचा वास येतो. मी स्वेटरची बाही हुंगून बघितली. म्हणाला, बसव काय ते. दगड फोडू नको. आणि कळ दाबून पेटते तिला माझ्यासमोर आग म्हणू नको.

माझ्यासमोर म्हणाला. म्हणजे घरी यायचं त्याच्याही मनात आहे. नोल्फाला हे सांगायला हवं.

निघताना म्हणाला, बस की जरा. म्हटलं, बहामोंदेचं दुकान सहाला बंद होतं, आकडा आजच द्यायला हवा. गेले. वेळेत पोचले. साडेसहा मीटरचा सांगितला.

२९ मे, बुधवार

नोल्फाचा फोन. आई, आज ये. डॉक्टरीण म्हणाली आज किंवा उद्या. म्हटलं, आज किंवा उद्या काय?

उद्या बहामोंदे पाइप घेऊन येतोय. उद्या नाही घेतला तर तो महिनाभर दुसऱ्या गावी. मग सान हुआन हुकला. नोल्फाला समजावलं, पाइप गेला की मी त्याच्याजवळ बसणारच आहे, घरी, हवं तितकं. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याची फुप्फुसं सुधारणार आहेत का? इथे सुधारतील.

ती म्हणाली, आई, तुला कळत नाही की तू कळून घेत नाहीस? लेक शिकली की असं बोलते.

परवा शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीने जाणार. पक्कं.

३० मे, गुरुवार

पाइप गेला. रुदेसिंदो वरून सोडत होता, बहामोंदे त्याच्याबरोबर वर, गुडघ्यासकट. मी खालून हात घालून पाइपाचं नाक धरलं. डावीकडे वळवा, ओरडले. आता उजवीकडे. चादरीवर काढलं होतं तस्संच. बोटभराचा फरक नाही. खाली आलं तेव्हा हात खांद्यापर्यंत काळे.

एप्रनच्या खिशात फोन वाजत होता. दोनदा. हात काळे होते, पाइप सोडला असता तर मागे गेला असता. घेतला नाही.

टी-जोड बसला. पत्रा बसला. टोपी बसली. बहामोंदेने उदबत्ती धरून सगळे सांधे तपासले, धूर कुठे हलला नाही. म्हणाला, मावशी, असं काम मी शहरातही बघितलं नाही.

हात धुऊन फोन लावला.

नोल्फा म्हणाली, तीन वाजून दहा मिनिटांनी.

३ जून, सोमवार

काल पुरला. जमीन गोठलेली, कुदळ लागेना. थडग्याचं माप कुणी घेतलं होतं कोण जाणे, पण बरोबर निघालं.

नोल्फा बोलत नाही. मी पण काही विचारलं नाही.

वही बंद करणार होते. पण स्टोव्ह बघून शिक्का मारायला सरकारी तपासनीस अजून यायचाय.

२४ जून, सोमवार

सान हुआन. तपासनीस आला. कोवळा माणूस, कागदावर खुणा करत होता. लांबी बरोबर, उतार बरोबर, सांधे बरोबर. एकच गोष्ट विचारली, धुराडं असं वाकडं का? म्हटलं, चेटकिणीसाठी. तो हसला. मी नाही हसले.

मग विचारलं, घरात माणसं किती? स्टोव्हच्या अर्जात दोन लिहिली होती. माझ्याच हाताने, कोंबडीच्या अक्षरात. तो पेन धरून उभा. म्हटलं, एक. त्याने दोन खोडलं, वर एक लिहिलं, शिक्का मारला, आणि घर धूरमुक्त झालं.

रुदेसिंदो उकडलेले बटाटे ठेवून गेला. आत आला नाही.

संध्याकाळी कळ दाबली. पेटली. पेटला म्हणायचं. स्टोव्ह.

बटण चारवर होतं, मीच लावून ठेवलेलं. एकवर आणलं. पुरतो.

वर वळणापाशी अधूनमधून आवाज येतो. टक्. पाइप तापला की होतो, बहामोंदेने आधीच सांगून ठेवलंय. तरी दरवेळी वर बघते.

सहा वाजून गेले. बहामोंदेचं दुकान बंद झालं असेल.

बसलेय.