प्रसादातला त्याचा वाटा

आई,

दिवाळीनंतर एका सकाळी मी आमच्या कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवलं. एरवी दार उघडताच आत उडी मारणारा तो, पुढचे पाय सीटवर टेकून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मागचे पाय उचलेनात. नोएडातले डॉक्टर त्याला वजनकाट्यावरून उतरवत म्हणाले, "भाईसाहब, ये बीमार नहीं, लाडला है. वजन नहीं घटा तो घुटने जाएंगे."

घरी आल्यावर चौकशी झाली. लेक म्हणाली, "बाबा, मी तर एकच बिस्किट देते, यार!" तुझी सूनही एकच देत होती, पोळीचा तुकडा, तूप लावून. "आणि अहो, तुमचा रोजचा पेढा?" मी म्हणालो, तो प्रसाद आहे. "हे देवाला कळतं. याच्या गुडघ्यांना कोण सांगणार?"

मला तुझी चूल आठवली. पहिली भाकरी तव्यावरून उतरते, तू चतकोर मोडून दारातल्या कुत्र्याला घालतेस, मगच माझं ताट वाढतेस. एकदा मी त्याला माझी अख्खी भाकरी टाकली, तर तू माझा कान धरलास. "मुक्या जिवाला पुरे म्हणता येत नाही, ते आपण म्हणायचं." घास घालणं मी लक्षात ठेवलं, हे बोलणं विसरलो. आणि तुझा कुत्रा दिवसभर रानात हिंडायचा; आमचा नवव्या मजल्यावर सोफ्यावर लोळतो.

तेव्हापासून सकाळीच एका वाटीत त्याचा दिवसभराचा खाऊ काढतो. थोडी बिस्किटं, बाकी गाजर-काकडीचे तुकडे. ज्याला लाड करायचेत त्याने त्या वाटीतूनच घ्यायचं. लिफ्टमध्ये शेजारीणबाईंनी पर्स उघडली, तर लेकीने ठणकावलं, "आंटी, इसका कोटा खतम!"

आणि आई, गेल्या रविवारी मी गाडीचं दार उघडलं, वळून बघतो तर हा आत, थेट माझ्या सीटवर! लेक पार्किंगमध्ये नाचली. मी बाहेर उभा राहून चक्क हात जोडले.

पेढा मात्र वाटीबाहेरच चालू होता, चिमूटभर का होईना. देवाचं कुणाला नाही कसं म्हणायचं?

तू होतीस तेव्हाही तुला अक्षर येत नव्हतं, आणि हा कागद कुठे धाडणारही नाही. पण पन्नाशीला आलेल्या माणसाला शाबासकी हवीशी वाटली, तर त्याने ती कुणाकडे मागायची? आज आरती झाली, तो शेपूट हलवत पुढे आला. मी तीर्थाचा ओला हात त्याच्या कपाळावरून फिरवला आणि पेढा आम्हा तिघांतच वाटून संपवला.